आजीची पाटली मुशीत जाते तेव्हा

तुळशीचं लग्न उरकलं की नाशिकच्या सराफ बाजारात एक प्रश्न दुकानोदुकानी ऐकू येतो. "घरातली जुनी पाटली आहे, हिच्यात साखरपुड्याची अंगठी बसेल ना?" आणि पाठोपाठ हमखास, "जुनं सोनं आहे हो, एकदम चोख." प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. चोखपणाच्या खात्रीवर मात्र सराफ काहीच बोलत नाही. "मावशी, आधी कस बघू," एवढं म्हणून दगड पुढे ओढतो.

सोनं जुनं होत नाही, हे खरं आहे. हवेतला ऑक्सिजन, अंगाचा घाम, गोदावरीच्या पुराचं पाणी (या बाजाराला त्याची चांगलीच सवय आहे), कशानेही ते गंजत नाही. पणजीच्या पाटलीतला सोन्याचा अणू आणि परवा आलेल्या बिस्किटातला अणू यांत काडीचा फरक नाही. फरक पडतो तो सोबतच्या मंडळींनी. पाटलीत तांबं असतं, चांदी असते, सांध्यांवर डाख (तुकडे जोडणारा मिश्रधातू) असतो, आत कधी लाख असते. नवी अंगठी टिकणार की तडकणार, हे तीच ठरवतात.

कसोटीचा दगड काळा, बारीक कणांचा असतो. त्यावर दागिना घासला की सोनेरी रेघ उमटते. रेघेवर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला की तांबं नि चांदी विरघळू लागतात, सोनं राहतं. शेजारी माहितीच्या कसाच्या सळईची रेघ ओढून दोन्ही किती फिक्या पडतात ते पाहायचं. पद्धत शेकडो वर्षांची असली, तरी तयार नजरेच्या माणसाच्या हातात ती अजून चांगलं काम देते.

आता बऱ्याच दुकानांत क्ष-किरणांचं यंत्र असतं. क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात, त्या रिकाम्या जागी वरचा इलेक्ट्रॉन येतो आणि सुटणाऱ्या ऊर्जेवर त्या मूलद्रव्याची सही असते. अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर आकडे येतात: सोनं इतकं, तांबं इतकं, चांदी इतकी. पण मेख अशी, की हे यंत्र वरचे काही मायक्रॉनच पाहतं. आणि जुन्या दागिन्याचं वरचं कातडं फसवं असतं. उजळा देताना सोनार दागिना आम्लात उकळतो. त्यात पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वर सोन्याने श्रीमंत असा पातळ थर उरतो. म्हणजे न आटवलेल्या पाटलीवर यंत्र लावलं, तर आकडा खऱ्यापेक्षा चढा येऊ शकतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: कस लावायचा तो आटणीनंतर, लगडीवर, म्हणजे वितळवून ओतलेल्या कांबीवर. आटल्यावर सगळं एकजीव होतं, मग वरचं आणि आतलं वेगळं राहत नाही.

जुनं म्हणजे चोख, या समजुतीला इतिहासही साथ देत नाही. 1963 साली सरकारच्या सुवर्ण नियंत्रण नियमांखाली 14 कॅरेटच्या वरचे दागिने घडवायलाच बंदी आली होती. आजीचं लग्न त्या सुमाराचं असेल, तर पाटलीत काय निघेल याची पैज मी तरी लावणार नाही.

आता हिशेब. समजा पाटली 12 ग्रॅमची निघाली आणि कस 20 कॅरेट. म्हणजे शुद्ध सोनं 10 ग्रॅम. अंगठी 22 कॅरेटचीच हवी असा घरच्यांचा हट्ट असेल, तर या 12 ग्रॅमला 22 वर न्यायला किती शुद्ध सोनं घालावं लागेल? पूर्ण 12 ग्रॅम. पाटलीइतकंच नवं सोनं विकत घ्या, तेव्हा कुठे दोन कॅरेट चढतात. उलट 18 कॅरेटवर उतरायचं, तर जेमतेम 1.3 ग्रॅम तांबं-चांदी मिसळली की झालं. तिसरा मार्ग शुद्धीकरणाचा. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात सोनं पूर्ण विरघळतं. त्या द्रावणात हिराकस (फेरस सल्फेट) घातला की सोनं तळाशी बसतं, तेही चक्क तपकिरी गाळासारखं. हाच का तो खजिना, असं वाटावं. आटवल्यावर पिवळं होतं. त्या कामात निघणारा तांबूस धूर विषारी असतो, त्यामुळे गल्लीतल्या कोंदट खोलीत ते होऊ नये असं मला फार वाटतं.

आटणी मात्र समोर बसून पाहावी. पाटलीचे तुकडे मुशीत, वर चिमूटभर टाकणखार, आणि ज्योत. टाकणखार वितळून काचेसारखा होतो आणि तांब्याची काजळी, धूळ, मळ स्वतःत ओढून घेतो. शुद्ध सोनं 1064 अंश सेल्सियसला वितळतं, तांबं-चांदी मिसळलेलं त्याच्या थोडं आधीच. तुकड्यांच्या कडा ढासळतात, मग एकदम सगळं गोळा होऊन थरथरता, आरशासारखा थेंब होतो. लोखंडी साच्यात ओतला की लगड तयार.

इथेच वजन कमी भरतं आणि संशयाला जागा मिळते. खरं तर सोनं काही उडून जात नाही, ते उकळायला अडीच हजार अंशांहून जास्त तापमान लागतं. उडतं ते बाकीचं. लाख जळते. जुन्या डाखातलं जस्त 907 अंशांना उकळतं आणि ज्या डाखाला बाजारात केडीएम म्हणत, त्यातलं कॅडमियम तर 767 अंशांनाच. कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक, म्हणून तो डाख मागे पडला. घट किती धरणार, हे आधी विचारून घ्यावं आणि लगडीचं वजन आपल्यासमोर करून घ्यावं. भांडायची गरज पडत नाही.

खरा घात करतं शिसं. कधीतरी तुटलेला फासा कुणीतरी रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरने जोडलेला असतो. त्यातलं शिसं मुशीत गेलं, की लगड दिसायला झकास, पण रुळांतून दाबताना कडेला चिरा जातात. लंडनच्या टांकसाळीतले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी 1888 मध्ये सोन्यात 0.2 टक्के इतकीच वेगवेगळी मूलद्रव्यं मिसळून पाहिली. शिसं, बिस्मथ यांच्या तेवढ्या अंशाने सोनं ठिसूळ झालं. कारण असं, की धातू थिजताना त्याचे बारीक स्फटिककण बनतात. शिशाला त्या कणांच्या आत जागा मिळत नाही, म्हणून सोन्याशी संयुग करून ते कणांमधल्या फटींत बसतं. पाक बिघडलेला लाडू जसा हातात भुगा होतो, तशी मग लगडीची गत. अशा वेळी पुन्हा पुन्हा आटवून काही होत नाही, शुद्धीकरणच करावं लागतं. आटणीआधी डाखाचे सांधे कापून बाजूला काढणारा कारागीर भेटला, तर त्याला सोडू नका.

अंगठीत हिरा बसवायचा असेल, तर मी 18 कॅरेट निवडीन. 22 कॅरेटचे पंजे मऊ असतात, दाराला, स्कूटरच्या हँडलला आपटून उघडतात. वेगळ्या आकाराचे अणू मिसळले की सोन्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, म्हणून 18 कॅरेट कणखर. गुलाबी सोन्याची मागणी असेल, तर गंमत आणखी. त्यात तांबं जास्त. सावकाश थंड होऊ दिलं, तर सुमारे 400 अंशांखाली सोनं आणि तांब्याचे अणू आळीपाळीने थर लावून बसतात आणि धातू कडक होऊन तडकतो. तापलेली अंगठी झटकन पाण्यात बुडवली, की त्यांना रांग लावायला वेळच मिळत नाही.

खडे जुन्या दागिन्यातून घ्यायचे, तर ते ज्योतीआधी निघाले पाहिजेत. नथीतला मोती कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्लाच्या नुसत्या स्पर्शाने खराब होतो. पाचूच्या चिरांत तेल भरलेलं असतं, ते उष्णतेने जातं. आणि आजीच्या कुडीतला हिरा म्हणजे कार्बन, भर ज्योतीत त्याच्यावर पांढुरका मळभ चढतो. बंद कोंदणातल्या खड्याबद्दल आधीच मन घट्ट करा. मागे चकाकणारा वर्ख असला, तर तो काढल्यावर खडा साधी काचही निघू शकते.

पाटलीवर हॉलमार्क असेल, तर तो आटणीतच गेला. नव्या अंगठीवर 18 कॅरेटसाठी 750 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घ्या. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, पण साखरपुड्याची अंगठी सहसा त्याहून जड भरते. पाटलीतलं उरलेलं सोनं लगडीच्या रूपातच परत घ्या, कस आणि वजन बिलावर लिहून. मुलीच्या अंगठीनंतर धाकट्याची पाळी आली, की पुन्हा कस लावण्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.