गालिचा घेताय? आधी पालथा करून बघा

दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा गालिच्यावरनं हात फिरवतं आणि "किती मऊ आहे हो" म्हणतं. आम्ही सांगतो, हात नंतर फिरवा, आधी कोपरा धरून पालथा करा, कारण पुढून सगळेच गालिचे छान दिसतात.

हाताने गाठी मारलेला असेल तर पुढचं डिझाईन पाठीवरही तसंच दिसतं, एकेक गाठ ठिपक्यासारखी, आणि जरा इकडेतिकडे झालेली, ओळ अगदी फूटपट्टीने मारल्यासारखी नसते. टोकाच्या दशा ओढून बघा, त्या वेगळ्या शिवलेल्या नसतात, ताण्याचेच (मागावरच्या उभ्या धाग्यांचेच) सुती धागे पुढे सोडलेले असतात. टफ्टेडची गोष्ट वेगळी. त्यात लोकर एका कापडात बंदुकीसारख्या हत्याराने घुसवतात, मागून लेटेक्सचा (रबरी डिंकाचा) थर देतात आणि तो झाकायला वर अजून एक कापड चिकटवतात, म्हणून पाठीवर डिझाईन न दिसता नुसतं कापडच दिसतं आणि दशा असल्याच तर वरून शिवलेल्या. टफ्टेड वाईट असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही विकतो, भाड्याच्या फ्लॅटसाठी किंवा चार-सहा वर्षं वापरायला मस्त आहे. फक्त गाठींच्या गालिच्याचे पैसे देऊन तो घेऊ नका, कारण लेटेक्स काही वर्षांनी सुकतं आणि मग गालिचा उचलला की खाली फरशीवर पिवळट पूड पडलेली असते.

आमच्याकडचे गाठींचे बहुतेक गालिचे उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातले आहेत, तिथल्या हाताने केलेल्या गालिच्यांना 2010 साली जीआय टॅग (त्या भागाची खासियत म्हणून सरकारी नोंद) मिळालाय. सहा बाय नऊ फुटांचा चांगला बारीक गाठींचा गालिचा मागावर काही महिने असतो, तेव्हा किंमत ऐकून दचकलात तर ते महिने डोळ्यासमोर आणा.

लोकर खरी आहे का हे बघायची जुनी युक्ती म्हणजे एक सुटा धागा चिमट्यात धरून पेटवणं (सिंकवर करा, आणि दुकानदाराला विचारून!). लोकरीला केस जळल्याचा वास येतो, आच काढली की बहुतेक विझते आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर किंवा नायलॉन वितळून टणक मणी होतो. आणि 'बांबू सिल्क', 'आर्ट सिल्क' वगैरे नावाने जे चमकदार मिळतं ते बहुतेकदा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) असतं, ते कागदासारखं जळतं. व्हिस्कोसवर नुसतं पाणी सांडलं तरी डाग राहतो, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर व्हिस्कोसच्या नादाला लागू नका, चमक कितीही असो.

आपल्याकडचं काही आहे का असं हल्ली बरेच जण विचारतात. आहे ना, घोंगडी आहे, आणि कोल्हापूरकडचं जेन आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, बरीचशी काळी, पायाला टोचते, पण दणकट. घोंगडी मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ लावतात म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक वाटते, वापरून वापरून मऊ पडते. जेन विणतच नाहीत, लोकर थरावर थर अंथरून, भिजवून, दाबून लाटून जमवतात. गादीवर अंथरायला, दिवाणावर, ध्यानाला बसायला उत्तम. आणि सोलापुरी चादर सुती असते, तिला लोकरीचं समजून विचारणारे आठवड्याला एक तरी येतात :)

साईजचं थोडक्यात, सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर आले पाहिजेत, नाहीतर गालिचा खोलीत हरवल्यासारखा दिसतो. घरी फरशीवर वर्तमानपत्रं पसरून माप ठरवा आणि मगच या. व्हिट्रिफाईड टाईल असेल तर खाली अँटी-स्लिप जाळी घ्याच, विशेषतः आजी-आजोबा असतील तर.

नवा गालिचा पहिले काही महिने लव सोडतो. भुगा निघतो, व्हॅक्युम भरतो, लोक घाबरून फोन करतात. ते तसंच असतं, कातलेल्या लोकरीतले आखूड तंतू बाहेर येतात आणि हळूहळू कमी होतं. एखादा धागा वर आला तर उपटू नका, कात्रीने लवेच्या बरोबरीला कापा. व्हॅक्युमला फिरता ब्रश असेल तर तो बंद करा आणि दशांवरनं नळी फिरवू नका.

आता खरा शत्रू, कसर. लोकर खातो तो उडणारा पतंग नाही, त्याची अळी, आणि तिला अंधार, धूळ आणि शांतता लागते. म्हणून गालिच्याचा मधला भाग, जिथे तुम्ही रोज चालता, तो सहसा ठीक असतो आणि सोफ्याखालचा भाग अळीने खाऊन साफ केलेला असतो. आमच्याच गोडाऊनमध्ये एक चार बाय सहाचा गालिचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पूर्ण पावसाळा राहिला, चूक आमचीच, दिवाळीच्या आधी उलगडला तर पाठ धड आणि पुढून लव ठिकठिकाणी वस्तऱ्याने भादरल्यासारखी, त्यात पांढरट जाळ्या आणि वाळूसारखे कण. तेव्हापासून महिन्यातून एकदा सोफा सरकवून गालिचा उलटा करायचा, पाठीवरून व्हॅक्युम मारायचा, असा नियम केलाय. वेखंड, कडुलिंबाचा पाला ठेवा, वास बरा असतो, पण अळी लागल्यावर त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. डांबर गोळ्या तान्ह्या बाळाच्या खोलीत नकोतच, काही बाळांच्या रक्ताला त्याचा खरंच धोका असतो. आणि दर सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फिरवा म्हणजे झीज आणि ऊन दोन्ही वाटलं जातं.

दुसरं म्हणजे फरशी पुसणं. मावशी ओलं फडकं मारतात, गालिच्याची कड दुमडून खालची फरशी पुसतात आणि कड लगेच परत टाकतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांच्या आसपास ओलावा शोषते तरी हाताला ओली लागत नाही, त्यामुळे तुम्हाला कळत नाही आणि दोन आठवड्यांनी कुबट वास येतो. फरशी सुकेपर्यंत कड उचललेलीच राहू दे, एवढंच त्यांना सांगा.

सांडलं तर घासायचं नाही, टिपायचं. पांढरं सुती फडकं, गार पाणी, बाहेरून आत. आमच्या घरी एकदा पाहुण्यांच्या हातून आमटी सांडली, आणि आईने घाईत कपड्याचा साबण लावला, पिवळा डाग बघता बघता लालभडक! हळदीला साबणातला क्षार लागला की ती कुंकवासारखी होते (आई म्हणाली, रक्त सांडलंय की काय). पातळ व्हिनेगरने टिपल्यावर परत पिवळा झाला, आणि राहिलेला रंग उन्हात बराचसा उडाला, कारण हळद उन्हाला टिकत नाही. धुण्याचा सोडा नको, एन्झाईमवाली पावडर नको, ती प्रोटीन खाते आणि लोकर प्रोटीनच आहे. ब्लीच तर अजिबात नाही, लोकर अक्षरशः विरघळते. लोकरीसाठीचं ईझीसारखं लिक्विड, थोडंसं, गार पाण्यात.

पूर्ण गालिचा घरी धुवायच्या फंदात पडू नका. लोकर सुकते पण आतला सुती ताणा दिवसेंदिवस ओला राहतो आणि कुजतो, आणि जून ते सप्टेंबर तर विषयच नको. ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीवर पाठ उन्हाकडे करून तास-दोन तास टाका, गाठींचा असेल तर पाठीवर काठीने हलके झोडा. टफ्टेडला झोडू नका आणि ड्रायक्लीनला टाकण्याआधी आम्हाला विचारा, काही सॉल्व्हंट लेटेक्सची वाट लावतात. ठेवायचा असेल तर घडी नको, पाईपवर गुंडाळून जुन्या सुती चादरीत, प्लास्टिक नको.

कड उसवली, दशा तुटल्या, कसर लागली तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. पुढून एक पुरे, पाठीचे मात्र दोन-तीन पाठवा, जवळून आणि उजेडात, त्यावरनं दुरुस्ती होईल की नाही ते आम्ही सांगू शकतो.