नाथसागरावरचे पक्षी आणि पाण्याची पातळी

हिवाळ्यात नाथसागरावर, म्हणजे पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्षी पाहायला निघणारा माणूस आधी धरण किती टक्के आहे ते विचारतो. पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांपैकी कोण कुठे दिसेल हे त्या आकड्यावर ठरतं.

धरणाआधी इथे गोदावरीचं पात्र आणि काठची शेती होती. 1965 मध्ये पायाभरणी झाली, 1976 मध्ये उद्घाटन. पसरट, उथळ जलाशय तयार झाला आणि पाणपक्ष्यांना तो मानवला. 1986 मध्ये सुमारे 341 चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. म्हणजे जवळपास अख्खा जलाशय अभयारण्य ठरला, पण पाणी सोडण्याचा अधिकार पाटबंधारे खात्याकडेच राहिला. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे.

धरण काठोकाठ भरलं की पाणी थेट शेतांच्या बांधाला लागतं. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना तेव्हा जागाच उरत नाही. रब्बीची आवर्तनं सुरू झाली, डावा आणि उजवा कालवा वाहू लागले, की पाणी मागे सरकतं आणि पिंपळवाडी, सोनेवाडीकडे दलदल उघडी पडते. ते हळूहळू उतरलं तर पक्ष्यांचं चांगलं चालतं. झपाट्याने उतरलं तर दलदल सुकते आणि गाळपेरीचे, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणाऱ्यांचे, नांगर थेट काठापर्यंत येतात. गाळपेर करणाऱ्यांत धरणग्रस्तही आहेत. ज्यांची जमीन याच पाण्याखाली गेली त्यांना दोष देणं सोपं आहे, न्याय्य नाही. शिवाय पट्टकदंबांचे थवे त्याच कोवळ्या गव्हा-हरभऱ्यावर चरतात.

म्हणूनच 65 टक्क्यांचा निर्णय पक्षीनिरीक्षकांनीही नीट समजून घ्यायला हवा. 2005 च्या राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाची तरतूद केली. 2013 च्या अभ्यासगट अहवालाने आणि प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने तिला आकडा दिला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-अहिल्यानगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. वरच्यांना हा अन्याय वाटला, मराठवाड्याला हक्क. 2016 मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. मराठवाड्याची मागणी रास्तच होती, आजही आहे. पण त्या हिशेबात पिण्याचं पाणी, उद्योग, खरीप आणि रब्बी एवढेच वाटेकरी होते. अभयारण्याचं पाणी ठरलं आणि अभयारण्यालाच कोणी विचारलं नाही. उत्तरेकडून बदकं उतरू लागतात तीही याच सुमारास, ऑक्टोबरात. वरून किती आणि कधी पाणी आलं यावर त्यांचा पुढचा हिवाळा ठरतो.

याच नदीवर वर असलेल्या नांदूर मध्यमेश्वरला 2020 च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित करण्यात आलं. आणि त्याचा जलाशय तर नाथसागराहून कितीतरी लहान आहे.

अलीकडचा वाद तरंगत्या सौर पॅनेलचा. 2017 मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं. त्यानंतर जलाशयावर 1200 मेगावॉटचा प्रकल्प पुढे आला. मासेमारांच्या संघटनेने त्याला हरित न्यायाधिकरणात आव्हान दिलं. 2024 मध्ये ते फेटाळलं गेलं आणि 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही अपील नाकारलं. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत अपारंपरिक ऊर्जेला मुभा आहे, हा त्यातला निर्णायक मुद्दा. पॅनेल पाण्याच्या कोणत्या भागावर येतात आणि काठापासून किती दूर राहतात, यावर आता पक्षीमित्रांनी बारीक लक्ष ठेवलं पाहिजे. उथळ कडा झाकली गेली तर चिखलपक्ष्यांना दुसरी जागा नाही.