डोळ्यांवर हात धरणारी मुलगी

मूल तोतरं बोलतं ते जन्मतःच तसं असतं म्हणून, की घरच्यांच्या सततच्या टोकण्यामुळे? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वेंडेल जॉन्सन यांना या प्रश्नानं पछाडलं होतं, कारण ते स्वतः अडखळत बोलत. त्यांना वाटे, बोलायला शिकताना सगळीच मुलं थोडीफार चाचरतात. पण मोठ्यांनी ‘हा तोतरा आहे’ असा शिक्का मारला की मूल धास्तावतं आणि खरोखरच तोतरं होतं. विचार पटण्यासारखा होता. तो पारखून पाहण्यासाठी मात्र त्यांनी अनाथ मुलं निवडली.

१९३९ च्या जानेवारीत त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर आयोवातल्याच डॅव्हनपोर्ट शहरातल्या अनाथाश्रमात गेली. तिच्या प्रयोगात २२ मुलं होती: १० अडखळणारी, १२ व्यवस्थित बोलणारी. दोन्ही गटांतल्या निम्म्या मुलांना धीर द्यायचा आणि उरलेल्यांच्या बोलण्याला नावं ठेवायची, असं ठरलं होतं. त्यांतली सहा मुलं वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेली नाहीत. त्यांच्या बोलण्यात काहीच दोष नव्हता. त्यांना सांगण्यात आलं की तुमच्यात तोतरेपणाची लक्षणं दिसू लागली आहेत, ती ताबडतोब थांबवा. नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. आश्रमातल्या शिक्षकांना आणि सांभाळणाऱ्या बायकांनाही हेच सांगितलं होतं. त्यामुळे मेरी परत गेल्यावरही टोकणं चालूच राहिलं. ना सुई, ना औषध, ना मार. सगळं नुसत्या शब्दांनी झालं.

मे महिन्यापर्यंत फरक दिसू लागला. महिन्याभरापूर्वी मोकळेपणानं बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला बोलतं करणं अवघड झालं. नऊ वर्षांची एक मुलगी तर जवळजवळ गप्पच झाली. समोर बसली की बराच वेळ डोळ्यांवर हात धरून राही. मेरीनं हे सगळं प्रबंधात निरीक्षण म्हणून टिपलं आहे.

तिला टोचणी लागली असावी. प्रयोग संपल्यावर ती तीनदा आपणहून तिथे गेली आणि तुमचं बोलणं चांगलं आहे, हे मुलांना पटवून देऊ लागली. पण आधीच्या शब्दांचा ठसा पुसणं सोपं नव्हतं. जॉन्सन यांना लिहिलेल्या पत्रात तिनं कबूल केलं की आपला मुलांवर निश्चितच परिणाम झाला आहे. जॉन्सन यांनी हा अभ्यास कधीच प्रसिद्ध केला नाही. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वर्तमानपत्रानं तो उजेडात आणला, तेव्हा त्यातल्या काही जणांना साठ वर्षांनी कळलं की आपल्यावर प्रयोग झाला होता. विद्यापीठानं माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्यानं ९ लाख २५ हजार डॉलर देऊन खटला मिटवला.

पुढे संशोधकांनी जुनी आकडेवारी पुन्हा तपासली. त्या सहांपैकी कुणी खरोखर तोतरं झालं, असं त्यातून सिद्ध होत नाही. तोतरेपणामागे आनुवंशिकता आणि मेंदूची जडणघडण असते, हे आता बरंच स्पष्ट झालं आहे. म्हणजे जॉन्सन यांचा सिद्धांतही टिकला नाही. यावरून ‘मग नुकसान कुठे झालं?’ असं विचारणारे भेटतात, ते मला मुळीच पटत नाही. मूल तोतरं झालं नाही, पण ते बोलायला घाबरू लागलं. शिवाय सिद्धांत खरा ठरला असता, तर सहा धडधाकट मुलं ठरवून तोतरी केली गेली असती. प्रयोगाचं यश म्हणजे नेमकं हेच होतं!

त्या काळी नियम नव्हते, हे खरं. माणसांवरच्या प्रयोगांना नियम घालून देणारी न्यूरेंबर्गची संहिता १९४७ मध्ये आली. पण अनाथाश्रमच का, याचं उत्तर शोधायला संहिता लागत नाही. जाब विचारायला दारात येईल असं त्या मुलांचं कुणीच नव्हतं.

आज पालकांची सही पुरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाला समजेल अशा भाषेत सांगून त्याचीही संमती घ्यावी लागते, आणि त्याचा नकार सहसा मानावा लागतो. लहान मूल ‘नाही’ शब्दानंच म्हणतं असं नाही. ते रडतं, तोंड फिरवतं, गप्प होतं. डॅव्हनपोर्टची ती नऊ वर्षांची मुलगी आज कुणा जाणत्या संशोधकासमोर डोळ्यांवर हात धरून बसली असती, तर त्यानं वही मिटली असती.