नवा टँगो पियाझोलाच्या आधीपासूनचा

टँगो या अर्जेंटिनातल्या नाचाच्या संगीतात जॅझ आणि युरोपीय शास्त्रीय संगीत आणलं ते संगीतकार आणि बँडोनियनवादक आस्तोर पियाझोलाने, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. १९२४ साली ब्युनोस आयर्समध्ये व्हायोलिनवादक हुलिओ दे कारो याने सहा जणांचा ताफा जमवला: दोन व्हायोलिन, दोन बँडोनियन (बटणांचं, भात्याचं वाद्य), पियानो आणि डबल बास. नाचणाऱ्यांना नुसता ठेका पुरवण्यात त्याला रस नव्हता. त्याने लय संथ केली, वाद्यमेळ विचारपूर्वक बांधला, वादकांना एकेकट्याने खुलायला जागा दिली. पियाझोलाने पुढे त्याच्या सन्मानार्थ ‘देकारिसिमो’ ही रचना केली.

पियाझोलाचा जन्म १९२१ चा, मार देल प्लाता गावातला. बालपण मात्र न्यूयॉर्कमध्ये गेलं. वडिलांनी गहाणवटीच्या दुकानातून बँडोनियन आणून दिलं. हे वाद्य मूळचं जर्मन. पोराचा जीव जॅझमध्ये, आणि शेजारच्या एका हंगेरियन पियानोवादकाने त्याला बाख या जर्मन शास्त्रीय संगीतकाराची गोडी लावली. म्हणजे तिन्ही धागे लहानपणीच हाती आले होते.

अर्जेंटिनात परतल्यावर तो रात्री आनिबाल त्रोइलोच्या वाद्यवृंदात वाजवी आणि १९४१ पासून संगीतकार आल्बेर्तो हिनास्तेराकडे शिके. पियाझोलाने बांधलेल्या वाद्यमेळातले कितीतरी सूर त्रोइलो खोडून टाकायचा. नाचणाऱ्यांची पावलं अडखळतील ही धास्ती! १९५४ मध्ये पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजेने त्याचा टँगो ऐकला आणि ‘हाच खरा तू’ असा कौल दिला, ही गोष्ट लोकांना फार आवडते. मला मात्र त्याच्या सिंफनीला (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या शास्त्रीय रचनेला) मिळालेला पुरस्कार जास्त महत्त्वाचा वाटतो, ज्यामुळे तो पॅरिसला पोहोचला. १९५३ मध्ये त्या सिंफनीत दोन बँडोनियन घातले म्हणून सभागृहात हाणामारी झाली होती.

परतल्यावर १९५५ मध्ये त्याने आठ जणांचा ताफा काढला. त्यात इलेक्ट्रिक गिटार होतं आणि वाजवणारा ओरासिओ माल्विसिनो जॅझमधला, आयत्या वेळी सुचेल ते वाजवणारा. जुन्या रसिकांना हा टँगोचा खूनच वाटला. १९६० च्या पंचकात (बँडोनियन, व्हायोलिन, पियानो, गिटार, बास) ही शैली पक्की झाली. ढोल-ताशासारखं तालवाद्य एकही नाही, तरी आठ मात्रांची ३-३-२ अशी फोड सगळ्यांच्या हातून ठोकली जाते. ही फोड मिलोंगा या जुन्या देशी प्रकारातली आहे. तिच्यावर बाखच्या धर्तीचे फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळी वाद्यं एकामागून एक उचलतात अशा रचना) रचले, हे पियाझोलाचं खरं धाडस.

त्याच सुमारास पियानोवादक ओरासिओ साल्गान आपल्या वाटेने असंच काही करत होता. त्याचं नाव मागे पडलं, हे बरं झालं नाही.

पुढे जॅझवाले स्वतःहून आले: १९७४ मध्ये सॅक्सोफोनवादक जेरी मलिगन, १९८६ मध्ये मॉन्त्रोच्या महोत्सवात व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टन. पियाझोला १९९२ मध्ये गेला. त्याच्या दुसऱ्या पंचकातला पियानोवादक पाब्लो सिग्लर याला २०१८ चं ग्रॅमी मिळालं, तेही लॅटिन जॅझच्या गटात. ब्युनोस आयर्सच्या नाचघरांत मात्र आजही बहुतेक वेळा १९३०-४० च्या दशकांतल्या तबकड्याच वाजतात.