चाकावरचं लोखंड

शनिवारी संध्याकाळी अंगणात बसून गाडीची चारही चाकं लखलखीत केली होती. रविवारी सकाळी बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलो, गोव्यातल्या साखळी गावी चहाला थांबलो आणि बघतो तर पुढची दोन्ही अलॉय व्हील, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, काळीठिक्कर. मागची दोन मात्र होती तशीच. मेहुणा म्हणाला, "रस्त्याची धूळ असणार की, दाजी." रस्त्याच्या धुळीला पुढची-मागची चाकं कळतात होय? शिवाय आमच्याकडची धूळ तांबडी. खानापूर रस्त्याला पंधरा मिनिटं गाडी उभी केली तरी काचेवर बोटानं नाव लिहिता येतं. चाकावरचं हे काळं होतं आणि बोटाला लावलं तर काजळीसारखं पसरत होतं.

ही ब्रेकची धूळ. चालत्या गाडीचा वेग कुठे तरी जावा लागतो, तो ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. 1200 किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून जागेवर थांबवली की साधारण 3 लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात जवळजवळ लिटरभर नळाचं पाणी उकळायला लागेल. हे झालं एकदा थांबण्याचं. घाटात तर गाडी खाली ओढली जात असते. 600 मीटर उंची उतरलो असं धरलं तर हिशेब 70 लाख ज्यूलवर जातो, म्हणजे 22 लिटरचा हंडा उकळण्याइतका. त्यातला काही भाग वारा आणि टायर खातात, काही खालच्या गिअरात राहून इंजिनावर सोपवता येतो. उरलेला बहुतेक पुढच्या दोन डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्यांवर. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे डिस्क नसून ड्रम असतो. घासून निघालेली भुकटी तिथं डब्यात कोंडल्यासारखी आतच राहते. मेकॅनिकनं ड्रम उघडून आपटला की ती भसकन बाहेर पडते. (तेव्हा नाक बाजूला घ्यावं. आणि हवेच्या पाइपानं ती उडवू देऊ नये.)

डिस्क असते ओतीव लोखंडाची. तिला दोन्हीकडून चावणारे पॅड म्हणजे लोखंडाचे धागे, ग्रॅफाइट, खनिजांच्या पावडरी, कधी तांबं, असं पुष्कळ काही राळेत बांधून तयार केलेली वडी. घाटात येणारा तो उग्र जळका वास याच राळेचा. घासताना पॅड झिजतो तशी डिस्कही झिजते, त्यामुळे धुळीत लोखंड भरपूर असतं. घरच्या घरी बघायचं तर फ्रिजवरचं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चाकावरून फिरवा. काळी मिशी फुटते. अंगणातल्या तांबड्या मातीवर तेच चुंबक फिरवलं तर फारसं काही चिकटत नाही. गंमत अशी की मातीचा तांबडेपणाही लोखंडाचाच, फक्त ते लोखंड कधीच गंजून बसलेलं आहे.

चाकावरच्या लोखंडाला अजून गंजायचं असतं, आणि खरी कटकट तिथं सुरू होते. कण तापलेले आणि बारीक असतात, पुष्कळसे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. अलॉयवर लाखेसारखा पारदर्शक थर दिलेला असतो, त्यात ते रुततात. मग मृगाचा पाऊस लागतो. बेळगावचा पाऊस म्हणजे चार महिने भिजक्या गोणपाटासारखी हवा. रुतलेला कण गंजतो, फुगतो आणि नारिंगी ठिपका उमटतो. हा ठिपका शांपूनं निघत नाही, कारण तो वर बसलेला नसून आत गेलेला असतो. त्या थराला खड्याचा टवका उडालेला असेल तर ओल सरळ अॅल्युमिनियमपर्यंत पोचते. त्यात गोव्याची खारी हवा मिळाली की पारदर्शक थराखाली अळी चालत गेल्यासारख्या पांढऱ्या रेषा उठतात. तिथं मग धुण्याचा उपयोग नाही, चाक खरवडून पुन्हा रंगवावं लागतं.

म्हणजे खालचं अॅल्युमिनियम राखून वरचं लोखंड तेवढं काढायचं आहे. बेळगावकरांना हे कोडं ओळखीचं वाटायला हवं. उद्यमबागेत ओतीव लोखंडाच्या फाउंड्र्या आहेत, आणि यमनापूरला हिंदाल्को या अॅल्युमिनियम कंपनीचा कारखाना आहे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून इंडालच. तिथं कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरातलं बॉक्साइट येतं. बॉक्साइट म्हणजे अॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्या संयुगांची सरमिसळ. ती वेगळी करायची युक्ती कार्ल बायर या ऑस्ट्रियन रसायनज्ञानं 1888 च्या सुमारास काढली, तीही कापड रंगवायला अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) हवा होता म्हणून. बॉक्साइट दळून गरम कॉस्टिक सोड्यात, म्हणजे तीव्र क्षारात, दाबाखाली शिजवायचं. अॅल्युमिनियमचं संयुग विरघळून द्रावणात जातं, लोखंडाला सोडा हात लावत नाही. ते खाली तांबडा गाळ होऊन उरतं.

आता वॉशिंग सेंटरवर बघा. माझ्या गाडीवर एकदा पोरानं चाकांना 'केमिकल' मारलं होतं. ते तीव्र क्षाराचं पाणी होतं हे नंतर कळलं. काळं झटक्यात उतरलं, मी खूश. दोन आठवड्यांनी जिथं जिथं टवके होते तिथं पांढुरके, निस्तेज डाग दिसू लागले आणि नारिंगी ठिपके होते तिथंच. क्षारानं वरची चिकट घाण काढली, उघड्या अॅल्युमिनियमवरचं ऑक्साइडचं कवच विरघळवलं आणि गंजाला काहीच केलं नाही. यमनापूरला जे मुद्दाम करतात, ते माझ्या चाकावर फुकटात झालं.

संडास-बाथरूमचं ॲसिड त्याला उतारा नव्हे. अॅल्युमिनियम हा दोन्हीकडून मार खाणारा धातू आहे, आम्लानंही विरघळतो आणि क्षारानंही. चिंच-मिठानं तांब्याचा हंडा उजळतो म्हणून अलॉय उजळायला जाऊ नये. मीठ खारं, वर घासणीचे ओरखडे, आणि पुढची धूळ त्या ओरखड्यांत आणखी घट्ट बसते.

उपाय आहे तो फक्त लोखंडाला धरणाऱ्या रसायनाचा. बाजारात 'आयर्न रिमूव्हर' म्हणून मिळतो, त्यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. ते ना फार आम्ल ना फार क्षार. लोखंडाच्या कणाला ते पकडतं, त्याचं पाण्यात विरघळणारं संयुग करतं, आणि चाकावरून जांभळे ओघळ वाहायला लागतात. प्रथम बघणाऱ्याला चाकाला जखम झाल्यासारखं वाटतं. वास सडक्या अंड्याचा. केस काढायच्या क्रीमला येतो त्याच जातीचा, कारण रसायनांचं कूळ एकच. जांभळं होणं थांबलं की आवाक्यातलं लोखंड संपलं. मात्र ते उन्हात किंवा तापल्या चाकावर मारू नका आणि वाळू देऊ नका. घाट उतरल्या उतरल्या डिस्कवर गार पाण्याचा फवाराही नको, तापल्या तव्यावर पाणी ओतल्यासारखं होतं. धुऊन झाल्यावर गाडी थोडी फिरवून ब्रेक दोनचारदा दाबून कोरडे करावेत. आणि कुठलंही मेण किंवा पॉलिश चाकावर लावा, डिस्कला आणि पॅडला त्याचा स्पर्शही होता कामा नये. चकाकणारं चाक न थांबल्यास काय उपयोगाचं?

मेण किंवा सिरॅमिक कोटिंग दिलेल्या चाकात कण सहज रुतत नाहीत, पाण्यानं बरेचसे निघतात. पॅड बदलताना सिरॅमिक मागितले तर धूळ कमी आणि फिकट पडते, पैसे जास्त पडतात. चाकाच्या आत बसवायच्या पत्र्याच्या चकत्याही मिळतात. त्या धूळ अडवतात आणि डिस्कला लागणारा वाराही अडवतात. आमच्यासारख्या घाटकऱ्यांनी त्या घेऊ नयेत असं माझं मत.

चाकावर दिसते ती धूळ तरी पुसता येते. बाकीची हवेत जाते. युरोपनं आता युरो 7 नियमांत ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा घातली आहे, साध्या इंजिनाच्या मोटारींना किलोमीटरला 7 मिलिग्रॅम. वर्षाला 10,000 किलोमीटर धरले तर 70 ग्रॅम, म्हणजे मूठभर. विजेच्या गाड्यांना त्याहून कडक मर्यादा, कारण त्या वेग कमी करताना मोटरीलाच जनित्र करून बॅटरी भरतात, पॅडला काम थोडंच उरतं.

आम्हाला ती सोय नाही, पण गिअर आहेत. पुढच्या खेपेला चोर्ला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरलो. इंजिन गुरगुरत होतं, मागचा एक गोवेकर हॉर्न देऊन कंटाळला. साखळीला उतरून मेहुण्यानं चाकावरून बोट फिरवलं. "आहे की, दाजी. पण मागच्यासारखं न्हाई. आणि वासबी न्हाई."