कोयता (ऊसतोडणी)

कोयता : ऊस तोडण्याचे हत्यार. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात मात्र याच शब्दाने मजूर मोजले जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. मजूर पुरवणारा मुकादम कारखान्याला ‘दहा कोयते देतो’ म्हणतो तेव्हा वीस माणसांची टोळी ठरलेली असते. सोबत येणारी लेकरे त्यात धरलेली नसतात.

ही माणसे मुख्यतः बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, शेजारचा पाथर्डी तालुका, असा हा मुलूख हलक्या जमिनीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढते, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्यावर उतरते. गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, हेच घर. गावात म्हातारी माणसे तेवढी उरतात.

फडातले, म्हणजे उसाच्या शेतातले काम दिसायला सोपे, करायला फार कठीण. साखर बुडख्याकडे जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत छाटावा लागतो. दिवसभर कंबर वाकलेलीच. सोललेले पाचट अंगाला चरचरत राहते. तोडलेला ऊस बाई गोळा करते, मोळी बांधते आणि गाडी आली की ती डोक्यावर घेऊन, टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. गाडी रात्री दोनला आली तरी भरावी लागते. त्याआधी पहाटे उठून भाकरी, पाणी, लेकरे हे सगळे तिनेच उरकलेले असते. शेंड्याकडचे हिरवे वाढे चारा म्हणून विकून चार पैसे सुटतात. बाजारहाटाचा आधार बहुतेकदा तोच.

या सगळ्याला बांधून ठेवते ती उचल. हंगामाआधी मुकादम जोडीला एकरकमी पैसे देतो आणि ते टनावारी मजुरीतून फिटायचे असतात. फिटले नाहीत तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. आजारपणामुळे काम बुडाले की ‘खाडा’ लागतो, म्हणजे दंड. ऊस तोडतात दोघे. उचल आणि हिशेब मात्र सहसा नवऱ्याच्या नावावर. बाईच्या कष्टाचा वेगळा आकडा कुठल्याच वहीत सापडत नाही. या पद्धतीतला सर्वांत मोठा अन्याय तोच आहे.

१९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सहकाराने ऊस पिकवणाऱ्याला सभासद केले, मालकी दिली, पुढे सत्ताही दिली. ऊस तोडणारा त्या सभासदांत आला नाही. १९७२च्या दुष्काळानंतर कोरडवाहू मराठवाड्यातून स्थलांतर वाढत गेले. मजूर मुकादमाचा, असे कारखाने म्हणत आले. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी किंवा बाळंतपणाची रजा द्यायची कोणी, हा प्रश्न लोंबकळत राहिला. तोडणीचे दर कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्या करारातून ठरतात. जानेवारी २०२४मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने त्यात ३४ टक्के वाढ केली.

खाड्याची धास्ती बाईच्या शरीरापर्यंत पोहोचते. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही. अंगावरून जाणे, पोटदुखी यांवर खासगी दवाखान्यांत थेट गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळू लागला. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पुष्कळ जणींचे वय चाळिशीच्या आतले होते. अर्ध्या कोयत्याला काम मिळणे अवघड, म्हणून मुलीमुलांची लग्नेही लवकर उरकली जातात.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. त्याच्या निधीसाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे रक्कम घेतली जाते आणि मजुरांना ओळखपत्रे देण्याचे काम ग्रामसेवकांकडे आहे. दरम्यान हार्वेस्टर फडात उतरले आहेत. यंत्र शेंडे आणि पाचट तिथेच उडवून टाकते, त्यामुळे विकायला वाढेही उरत नाहीत.