एकच उच्चार, शब्द अनेक : जपानीतल्या गर्दीची पार्श्वभूमी

संगणकावर ‘कोशो’ (दोन्ही ओ लांब) टाइप करून कांजीत (चिनी अक्षरांत) रूपांतराची कळ दाबली की यादी उघडते. वाटाघाटी, उदात्त, ऐतिहासिक पडताळणी, अधिकृत म्हणून सांगितलेला आकडा, लष्करी कारखाना, मौखिक परंपरा. चिनी भाषेतून शब्द आले, पण अर्थ वेगळे ठेवणारे सूर मागे राहिले, हे कारण सर्वांना माहीत आहे. तेवढ्याने आजची गर्दी मात्र उलगडत नाही.

काना म्हणजे जपानीची उच्चारदर्शक लिपी. तिच्या जुन्या लेखनात हे शब्द वेगळे दिसत. वाटाघाटी ‘काउसेफु’, उदात्त ‘काउशियाउ’, तर अधिकृत आकडा ‘कोउशियोउ’. उच्चार सतराव्या शतकात एक होऊ लागले होते. 1603 मध्ये नागासाकीत छापलेल्या जपानी-पोर्तुगीज शब्दकोशात ‘आउ’पासून आलेला ओ आणि ‘ओउ’चा ओ यांच्या डोक्यावर अजून वेगवेगळी चिन्हं आहेत. पुढे कान हरला तरी डोळ्याला फरक कळत राहिला. 16 नोव्हेंबर 1946 ला सरकारने उच्चारानुसारी काना लागू केला आणि तोही आधार गेला.

मेइजी काळात (1868–1912) पाश्चात्त्य संकल्पनांसाठी दोन-दोन कांजी जोडून शब्द पाडले गेले, ते वाचण्यासाठी. ऐकताना काय होईल याची फिकीर कोणी केली नाही. विज्ञान ‘कागाकु’, रसायनशास्त्रही ‘कागाकु’. रसायनासाठी डच भाषेतून आलेला ‘सेइमी’ हा शब्द आधी होता, तो मागे पडला.

खरा वाद आहे 1956 च्या अक्षरबदलाच्या यादीचा. काना बदलला त्याच दिवशी रोजच्या वापराच्या कांजींची संख्या 1850 वर आणली होती. या 1850 बाहेरचं अक्षर असलेल्या शब्दांचं काय करायचं? सरकारच्या भाषा सल्लागार मंडळाने 1956 मध्ये उत्तर दिलं : त्याच उच्चाराचं, या 1850 मधलं दुसरं अक्षर बसवा. म्हणजे समोच्चार ही जी अडचण होती, तीच सोय ठरली. ‘संपादन’सारख्या शब्दात फारसं बिघडलं नाही, गोळा करण्याच्या अर्थाचं एक अक्षर गेलं आणि दुसरं आलं. ‘ओकुसोकु’ म्हणजे तर्क, त्यातल्या अंदाजाच्या अक्षराजागी स्मरणाचं अक्षर बसलं, तेव्हा मात्र अर्थ सरकला. ‘धुणे’ या अर्थाच्या शब्दाची गंमत वेगळीच. त्याचा मूळ उच्चार ‘सेन्देकी’. अक्षराच्या एका भागावरून लोक चुकून ‘सेन्जो’ वाचत, आणि बदली अक्षर त्या चुकीच्या उच्चारावर बेतलं गेलं.

‘शोगाइ’ म्हणजे अपंगत्व किंवा अडथळा. त्यातलं ‘अडवणे’ अर्थाचं अक्षर जाऊन ‘हानी’चं आलं, याचं खापर सर्रास 1956 वर फोडलं जातं. ते अर्धंच खरं. हानीवाला पर्याय मेइजी काळातही लिहिला जाई, आणि 1949 च्या अपंग कल्याण कायद्यात तोच आहे. 1956 ने त्यावर शिक्का मारला, एवढंच. 2010 च्या सुधारणेनंतर रोजच्या वापराच्या कांजी एकूण 2136 झाल्या. तर्काचं जुनं अक्षर परतलं, अडथळ्याचं मागणी होऊनही परतलं नाही. म्हणून कित्येक नगरपालिका तो शब्द अर्धा कांजीत, अर्धा काना लिपीत लिहितात. ही तडजोड वाचायला बेंगरूळ आहे, पण कोणाला दुखवत नाही.

जपानीत स्वतःचा सुरांचा चढउतार आहे, पण त्याचा आधार तोकडा आहे. टोकियोत ‘हाशि’चा पहिला स्वर उंच असेल तर जेवणाच्या काड्या, दुसरा असेल तर पूल. क्योतो-ओसाकात पहिला उंच म्हणजे पूल. पूल आणि ‘कडा, काठ’ अर्थाचा तिसरा ‘हाशि’ यांतला फरक तर टोकियोत पुढे ‘गा’सारखा प्रत्यय आल्यावरच कळतो.

1978 मध्ये पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर झाला, किंमत 63 लाख येन. संगणकी अक्षरांच्या त्याच वर्षीच्या राष्ट्रीय संकेतप्रणालीत 6349 कांजी होत्या. दुर्मीळ अक्षर उमटवणं सोपं झालं आणि अडचण निवडीवर आली. एकटा शब्द टाइप केला की यंत्राला संदर्भ मिळत नाही आणि ते बहुधा मागच्या वेळी निवडलेला शब्द पुढे करतं. म्हणून प्रत्यय-क्रियापदासह पूर्ण वाक्यांश टाइप करावा. तुकडे चुकीचे पडले तर शिफ्ट धरून बाणाच्या कळीने हद्द सरकवावी. ‘कागाकु शिकतो’ अशा वाक्यात हाही उपाय चालत नाही, दोन्ही अर्थ बसतात. तिथे रसायनासाठी लोक बोलताना ‘बाकेगाकु’ म्हणतात, पहिल्या अक्षराचं देशी वाचन करून, आणि टाइपही बरेचदा तसंच करतात. नगरपालिकेची आणि खाजगी शाळा दोन्ही ‘शिरित्सु’. त्यांना याच रीतीने ‘इचिरित्सु’ आणि ‘वाताकुशिरित्सु’ म्हणतात.